पंचेचाळीस मिनिटांचं विमान



सुट्टीत नातू ग्वाल्हेरला आला की त्याच्या लॅपटॉपसोबत जॉयस्टिकही येते. परवा हाक मारली, "आजोबा, शिंदेन उडवतोय, बघायला या!" शिंदेन म्हटल्यावर ग्वाल्हेरच्या माणसाला दुसरं काय आठवणार? पण पडद्यावर होतं जपानी लढाऊ विमान. छोटे पंख पुढे, मोठे मागे आणि सहा पात्यांचा पंखा चक्क शेपटीकडे.

नातू म्हणाला, "ताशी ७५० किलोमीटर! हे सहा महिने आधी आलं असतं ना, तर अमेरिकेची बी-२९ बॉम्बर टिकलीच नसती."

इथेच माझं त्याच्याशी बिनसलं. मग मीही वाचत बसलो (आता दुसरं काम काय!). जपानी नौदलासाठी क्यूशू कंपनीनं बांधलेलं हे विमान फुकुओकाजवळ ३ ऑगस्ट १९४५ ला पहिल्यांदा उडालं. त्याआधी जमिनीवरच्या चाचणीत नाक इतकं वर गेलं की मागच्या पंख्याची पाती धावपट्टीला घासली, म्हणून मागच्या उभ्या पंखांखाली छोटी चाकं बसवावी लागली. हवेत गेल्यावर ते उजवीकडे ओढायचं, पंख्याला थरथर. एकूण उड्डाणं तीन, सगळी मिळून साधारण ४५ मिनिटं, आणि तीही चाकं खाली ठेवूनच. त्याच दिवसांत हिरोशिमा, नागासाकी आणि मग शरणागती.

म्हणजे ते ७५० किलोमीटर कुणी मोजलेले नाहीत. तो आराखड्यातला आकडा.

कर्जखात्यात असताना असे आकडे मी ढिगानं पाहिलेत. एका कारखानदाराचा प्रकल्प अहवाल इतका देखणा होता की पाच वर्षांचं अपेक्षित उत्पादन मी मनातल्या मनात झालंच असं धरलं. मंजुरीवर सही माझी. यंत्रं आली, उत्पादन काही आलं नाही, आणि ते खातं पुढे कितीतरी वर्षं माझ्या मानेवर बसलं होतं. व्हाउचर नसलेली रक्कम सस्पेन्समध्ये ठेवायची असते हे मी ज्युनिअरना शिकवायचो, आणि स्वतःच विसरलो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. असली विमानं सिम्युलेटरमध्ये जरूर उडवा. खरं शिंदेन तर आता कुणीच उडवू शकत नाही. उरलेल्या एकुलत्या एका विमानाचा पुढचा भाग अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या संग्रहालयात आहे. पण कुठला आकडा चाचणीतला आणि कुठला अंदाजाचा, हे खेळ बनवणाऱ्यांनी पडद्यावर लिहायला नको का? पोरं तो वेग इतिहास म्हणून पाठ करतात.

नातवानं उलट टोला दिलाच. "आजोबा, हा गेम नसता तर तुम्हाला शिंदेन माहीत तरी झालं असतं का?" मुद्दा खरा आहे. आपल्या डोक्यावरून महाराजपूरची मिराज इतकी वर्षं गेली, मी कधी मान वर करून नीट पाहिलं नाही.

शेवटी तडजोड झाली. चाकं खाली ठेवायची, वेग बेताचा, पूर्ण ४५ मिनिटं, आणि मी शेजारी घड्याळ घेऊन. दहाव्या मिनिटाला गडी म्हणाला, "आजोबा, बोअर होतंय. चाकं वर घेऊ?"