पोटखराब

आमच्या घरामागं डोंगराला एक झरा होता. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या रांगेत आमची वाडी. वर ऐन, हिरडा, जांभळीचं दाट रान आणि त्याच्या पायाशी तो झरा. भर वैशाखातसुद्धा हंडा लावून चार गोष्टी बोलेस्तोवर भरून जायचा. आजी म्हणायची, "पानी झऱ्याचं न्हाई रं, रानाचं हाय." मला वाटायचं, म्हातारी कायबी बोलती.

मग थोरल्या बहिणीचं लग्न निघालं. रान आमच्या मालकीचं. ठेकेदार आला, झाडं न मोजताच उक्ता भाव बोलला, बानं अंगठा दिला. पंधरा दिवसांत उतार बोडका झाला. महिनाभर कोळशाच्या भट्ट्या धुमसत राहिल्या. लग्न झोकात झालं. पुढच्या पावसाळ्यात डोंगरावरनं लाल पाणी उतरलं, खालच्या खाचरात मुरूम-दगड येऊन बसले, भाताची आवणी गाडली गेली. तिसऱ्या वर्षी होळीलाच झरा आटला. बहीण माहेराला येते, पण त्या उताराकडं मान वर करून बघत नाही.

आता दर पावसाळ्यात साहेब लोक येतात, गेल्या सालच्याच खड्ड्यात नवं रोप लावतात, फोटो काढतात आणि आम्हाला 'शाश्वत विकास' समजावून सांगतात. साहेब, रोप म्हणजे रान नव्हे. रानात पाऊस आधी पानांवर अडतो, मग पाचोळ्यात जिरतो, मुळ्यांच्या वाटेनं खडकाच्या भेगांत उतरतो. आमच्याकडं पाऊस चार महिने. उरलेले आठ महिने हेच मुरलेलं पाणी पाझरत राहतं. बोडक्या उतारावर तेच पाणी घटकाभरात ओढ्याला लागतं आणि जाताना माती घेऊन जातं.

आणि हे काही आमच्या वाडीपुरतं नाही. भीमा आणि घोड, दोन्ही नद्या याच डोंगरात उगवतात. घोडेवर डिंभे धरण, भीमेवर पुढं उजनी. धरण बांधलं की तो विकास. त्या धरणाला पाणी पाजणारं रान मात्र सातबाऱ्यावर 'पोटखराब'! ज्यानं हा शब्द लिहिला त्यानं उन्हाळ्यात एकदा तरी डोक्यावर हंडा घ्यायला हवा होता.

कुणी म्हणेल, तुझ्या बानंच विकलं की. विकलं, खरं आहे. पण उभ्या उसावर सोसायटी कर्ज देते, उभ्या रानावर कोण देतं? एक हिरडा तोडला तर एकदाच कोळसा. राखला तर दर उन्हाळ्यात बाळहिरडा. हा हिशेब बाला पाठ होता. पण लग्नाची तारीख हिरड्यासाठी थांबत नाही.

२०११ साली माधव गाडगीळ समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल दिला. काय राखायचं, काय करायचं हे ग्रामसभांना विचारून ठरवा, हा त्याचा गाभा. सरकारनं तो कित्येक महिने बाहेरच येऊ दिला नाही. आमच्यापर्यंत अहवाल आलाच नाही, अफवा आली : आता काटकीसुद्धा तोडता येणार नाही. मग ३० जुलै २०१४ ला आमच्याच तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला. दीडशेच्या वर माणसं गेली. पाऊस, खडक, उताराचं सपाटीकरण, कारणांवर जाणकार भांडले. मी त्यात पडत नाही. बोडक्या उताराखाली पावसाळ्याच्या रात्री आम्ही कसे झोपतो, एवढं तरी कुणी विचारावं.

वनहक्काचा कायदा २००६ चा आहे. त्यानं सरकारी रानावर गावाचा सामूहिक हक्क मानला आहे. तो कागदावरनं खाली आणा. मालकीचं रान जो राखील त्याला दरसाल मोबदला द्या, पाणी पिणाऱ्या शहरांकडून वसूल करून द्या. मग बघू कोण झाड विकतो ते.

कोसभरावर भैरवनाथाची राई आहे. देवाचं म्हणून तिथली वाळकी फांदीसुद्धा कुणी उचलत नाही. त्या राईखालचा झरा अजून वाहतो. आमच्या वाडीच्या बाया होळीपासून तिथंच हंडे भरायला जातात.