पत्त्याचे बळ आणि गुणपत्रकी पांडित्य

ज्या खेळात पत्ते विकत घ्यावे लागतात, जमवावे लागतात आणि जमवलेल्या ढिगातून आपला डेक आपणच रचावा लागतो, त्या खेळात ‘हा पत्ता बलवान, हा दुर्बळ’ असा फैसला करणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, याविषयी आमच्या मनात कधीच संदेह नव्हता. संदेह उत्पन्न झाला तो, ही विद्या आता पूर्णत्वास पोहोचली असून तीत विचार करण्याजोगे काही उरलेले नाही अशी ग्वाही देणाऱ्या एका पंडितांचे विवेचन ऐकून. ‘मॅजिक: द गॅदरिंग’चा नवा संच जाहीर होतो न होतो तोच हे गृहस्थ त्यातील प्रत्येक पत्त्यास पाचपैकी गुण देऊन मोकळे होतात, गुणही दशांश चिन्हासह, आणि साडेतीनच्या पत्त्याने चारच्या पत्त्यास हरवल्याचे कोणी भीतभीत निदर्शनास आणले, तर तो अपवाद नियमाचीच सिद्धता करतो, असे सांगून पुढील पत्त्याकडे वळतात.

हा खेळ १९९३ साली अमेरिकेत निघाला. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तो रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला. ज्यांचा त्याच्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी एवढे पुरे की, डेक किमान ६० पत्त्यांचा, त्यात साध्या लँडचे पत्ते वगळता एका नावाचे चारांहून अधिक पत्ते नाहीत. आरंभी हातात सात पत्ते आणि पुढे प्रत्येक पाळीला एक नवा. दोन्ही खेळाडूंपाशी २० प्राण. आणि पत्ता टाकण्यासाठी त्याच्या कोपऱ्यात छापलेला मॅना मोजून द्यावयाचा, जो मुख्यतः लँडमधून उपजतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे थोडक्यात असे. पत्ता हा एक व्यवहार आहे. कोपऱ्यात खर्च, मजकुरात जमा. जमा अधिक असेल तर पत्ता बलवान, खर्च अधिक असेल तर दुर्बळ. कोणाला हा हिशेब पटत नसेल त्याने बाजारभाव पाहावा. तोही पटत नसेल तर संगणकाने नोंदलेल्या असंख्य डावांतील विजयाची टक्केवारी पाहावी. आणि तिन्ही दारांवर ज्याचे समाधान होत नाही तो माणूस भावनाप्रधान, जुनाट आणि बहुधा हरणारा समजावा.

प्रथम त्या जमाखर्चाचीच खातरजमा करू, कारण उरलेली दोन प्रमाणे ही त्याचीच अनौरस अपत्ये आहेत. खेळाच्या अगदी पहिल्या संचात पाच रंगांचे पाच पत्ते आहेत, आणि ते जणू आमच्या पंडितांच्या परीक्षेसाठीच निर्माण झाले असावेत. कारण पाचांचाही खर्च एकच मॅना आणि पाचांचीही जमा ‘तीन’. पांढरा हीलिंग साल्व्ह तीन प्राण देतो किंवा तितकाच घाव अडवतो. तांबडा लाइटनिंग बोल्ट तीनांचा घाव घालतो. हिरवा जायंट ग्रोथ आपल्या बाजूने लढणाऱ्या एका क्रीचरचे बळ आणि सहनशक्ती त्या पाळीपुरती तीन-तीनांनी वाढवतो. काळा डार्क रिच्युअल एका मॅनाचे तीन मॅना करून देतो. आणि निळा अँसेस्ट्रल रिकॉल तीन पत्ते उचलू देतो. ताजवा घेऊन बसलेल्या माणसास हे पाचही पत्ते समतोल दिसले पाहिजेत. प्रत्यक्षात काय झाले? हीलिंग साल्व्हला कोणी विचारले नाही; लाइटनिंग बोल्ट हा तांबड्या रंगाचा कायमचा मानकरी झाला; आणि अँसेस्ट्रल रिकॉल इतका प्रबळ ठरला की, आज ज्या एका प्रमुख प्रकारात तो चालतो त्या व्हिंटेज प्रकारातही साठांत त्याची एकच प्रत ठेवण्याची मुभा आहे.

पहिल्या दोघांची तुलना तर विशेष उद्बोधक आहे. एक तीन मिळवतो, दुसरा तीन वजा करतो; अंकगणिताच्या दृष्टीने दोघे सख्खे भाऊ. तथापि साल्व्हने मिळालेले तीन प्राण म्हणजे केवळ मुदतवाढ. ती संपताच प्रतिस्पर्ध्याची फौज जिथल्या तिथे उभी असते. तर बोल्ट हा ज्या क्रीचरवर प्रतिस्पर्ध्याने तीन-चार मॅना आणि एक संपूर्ण पाळी खर्ची घातली असेल त्यास एका मॅनात उठवतो, आणि उठवण्याजोगे कोणी नसेल तर थेट खेळाडूच्याच अंगावर जाऊन डाव संपवतो. रिकॉलची थोरवी तर याहून सूक्ष्म आहे. मॅना प्रत्येक पाळीला पुन्हा उपजतो, पत्ता मात्र पाळीला एकच येतो. म्हणून या खेळात खरी टंचाई पत्त्याची आहे, आणि ज्या वस्तूची टंचाई तीच तिप्पट करून देणारा पत्ता इतर चौघांच्या पंक्तीस बसूच शकत नाही. हे ज्ञान कोपऱ्यातल्या आकड्यात नाही आणि मजकुरातल्या ‘तीन’मध्येही नाही, ते सबंध खेळाच्या रचनेत आहे, आणि आमचे पंडित तेवढी एकच गोष्ट तक्त्याबाहेर ठेवून तक्ता आखतात.

डार्क रिच्युअलचे उदाहरण याहून बोलके. आठव्या पाळीला, हात रिकामा असताना, हा पत्ता हाती आला तर तो कागदाचा तुकडा. आणि पहिल्याच पाळीला, एका लँडच्या जोरावर, तो १९९५ च्या ‘आइस एज’ संचातील नेक्रोपोटन्सशेजारी आला तर त्याच्यासारखा पराक्रमी नाही, कारण नेक्रोपोटन्सला नेमके तीन काळे मॅनाच लागतात. हा नेक्रोपोटन्सही जमाखर्चवाल्यांची फजिती करणारा मोठा मौजेचा साक्षीदार आहे. आपली नेहमीची उचल बंद. त्याऐवजी एकेक प्राण देऊन एकेक पत्ता घ्यावा आणि तो पाळीच्या अखेरीस हातात यावा, असा त्याचा करार. प्रथमदर्शनी अनेक जाणत्यांनी तो निरुपयोगी ठरवला. उचल बुडते आणि प्राणही जातात, म्हणजे खर्चाच्या बाजूस दोन नोंदी! परंतु २० पैकी एकोणीस प्राण गेले तरी खेळाडू हरत नाही, हरतो तो शेवटचा गेल्यावर, तेव्हा मधले प्राण हे गंगाजळीप्रमाणे खर्चण्यासाठीच आहेत, ही गोष्ट एकदा ध्यानात आल्यावर १९९६ चा उन्हाळा त्या पत्त्याने असा ग्रासला की, खेळाडूंच्या स्मृतीत तो ‘काळा उन्हाळा’ म्हणूनच राहिला.

ज्या ओळीला तक्ता ‘तोटा’ म्हणतो ती ओळ पुष्कळदा पत्त्याचा प्राणच असते. २००४ च्या ‘डार्कस्टील’ संचातील स्कलक्लॅम्प हे हत्यार धारण करणाऱ्या क्रीचरचे बळ एकाने वाढवते आणि सहनशक्ती एकाने घटवते. व तो क्रीचर मेल्यास दोन पत्ते देते. सहनशक्ती घटते, सबब वजा, असे तक्ता म्हणणार. पण ज्याची सहनशक्ती मुळातच एक आहे अशा चिल्लर क्रीचरच्या हाती ते दिले की तो जागीच मरतो आणि एका मॅनात दोन पत्ते मिळतात. पुढची पाळी, पुढचा चिल्लर, आणखी दोन पत्ते. ते हत्यार फेब्रुवारीत बाहेर पडले आणि जूनमध्ये स्टँडर्ड प्रकारातून हद्दपार झाले. ज्यांनी पत्ता रचला त्यांनाच जेथे त्याचा अंदाज आला नाही, तेथे आमच्या पंडितांचे दशांश चिन्ह कोणत्या आत्मविश्वासावर उभे असते, हे त्यांनाच ठाऊक.

ज्यांना पत्त्यांची उतरंड आधीच छापलेली हवी आहे त्यांनी आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा खेळावी; दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ प्रमाणे १२० गोल पत्ते, राजा सर्वांत थोर आणि त्याखाली प्रधान. परंतु तेथेही त्यांची निराशा होण्याचा संभव आहे. पाच रंगांत प्रधानाखाली दहापासून उतरता क्रम, उरलेल्या पाचांत तोच क्रम उलटा, म्हणजे एका ठिकाणी अगदी कनिष्ठ असलेला एक्का दुसऱ्या ठिकाणी प्रधानाच्या खालोखाल बसतो. आणि पहिल्या उतारीचा मान दिवसा रामाच्या राजाकडे तर रात्री कृष्णाच्या राजाकडे. ज्या खेळात उतरंड नियमानेच ठरवून दिली आहे तेथे पत्त्याने रंग पाहावा आणि सूर्यही पाहावा. आणि जेथे ती कोणीच ठरवलेली नाही तेथे मात्र त्याने कशाकडेही न पाहता ३.५ असावे!

याच पठडीतला एक जुना वाद येथे आठवतो, आणि तो अजून मिटलेला नसल्यामुळे त्यास पुन्हा हात घालण्यास प्रत्यवाय नाही. काही मंडळी कोणताही मोठा क्रीचर पुढे आला की, ‘पण हा तर मरतो’ एवढे म्हणून निकालात काढीत. मरतो हे खरेच. या खेळात मरत नाही असा क्रीचर विरळा. प्रश्न असा की, मरताना तो काय मागे ठेवतो, त्यास मारण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला किती मोजावे लागते, आणि तो मारणारा पत्ता त्याच क्षणी त्याच्या हातात असतोच कशावरून. दोन मॅनाचा क्रीचर चार मॅनाच्या पत्त्याने मारावा लागला तर मरणारा जिंकून मेला. एवढा विचार करण्याऐवजी मर्त्यतेचे तत्त्वज्ञान सांगणारे हे वैरागी स्वतःच्या डेकमध्ये मात्र तेच क्रीचर भरून येत, हा त्यातला आणखी एक मौजेचा भाग.

बाजारभावाविषयी एकच वाक्य: पत्ता किती जणांना हवा आहे आणि किती छापला गेला आहे हे तो सांगतो, आणि अँसेस्ट्रल रिकॉलचा भाव गगनास भिडला तो जितका त्याच्या बळामुळे तितकाच त्याच्या दुर्मिळतेमुळे. विजयाच्या टक्केवारीविषयी दोन: जो पत्ता चांगले खेळाडू उचलतात त्याची टक्केवारी त्या खेळाडूंचीही असते. आणि जो पत्ता लांबलेल्या डावांतच हाती येतो त्याच्या माथी, लवकर जिंकू पाहणाऱ्या डेकमध्ये, मुळातच फसलेल्या डावांचे पाप येते.

मग पत्ता जोखावा तरी कसा? आमच्या मते त्यास एकटा तोलू नये. ज्या डेकमध्ये तो जाणार तेथे साठांपैकी कोणाला उठवून त्यास बसवावयाचे, हे आधी विचारावे, आणि उठवण्याजोगा कोणी सापडत नसेल तर त्याचे बळ त्या डेकपुरते शून्य समजावे. पुढे हे पाहावे की डाव नुकताच सुरू असताना, दोन्ही बाजू अडून बसल्या असताना, आपण वरचढ असताना आणि आपण बुडत असताना, यांपैकी किती अवस्थांत तो हातात आल्याचा आनंद होईल; बुडत्या माणसास वर काढणारा पत्ता वरचढाचा जय नुसता आणखी मोठा करणाऱ्या पत्त्याहून आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. कोणी असे समजू नये की सर्व काही संगतीवर अवलंबून आहे म्हणून वाटेल त्या पत्त्यास वाटेल तेवढे बळ चिकटवता येते. संगतीचीही किंमत असते आणि ती मोजता येते: चार प्रतींचा पत्ता पहिल्या सात पत्त्यांत येण्याचा संभव सुमारे ४० टक्के आहे, परंतु त्यास चार प्रतींचा एक विशिष्ट सोबतीही त्याच वेळी हवा असेल, तर तोच संभव १५ टक्क्यांच्याही खाली उतरतो. खेळाचा प्रकार बदलला तर हे सारे पुन्हा नव्याने मांडावे लागते. कमांडर प्रकारात, जेथे १०० पत्त्यांच्या डेकमध्ये साध्या लँडखेरीज प्रत्येकाची एकच प्रत चालते, बहुधा चौघे खेळतात आणि प्रत्येकाचे ४० प्राण असतात, तेथे आमच्या लाडक्या लाइटनिंग बोल्टचे तीनही बापुडवाणे दिसू लागतात.

यात तक्त्याची सुबकता नाही, आणि पंडितांना हे विवेचन पसरट वाटणार. त्यांच्यासाठी एक लहानसा जाब ठेवून आम्ही थांबतो. १९९६ च्या ‘मिराज’ संचात लायन्स आय डायमंड नावाचा पत्ता आला. खर्च शून्य, तो फोडला की एकाच रंगाचे तीन मॅना मिळतात, मात्र सोबत हातातले सर्व पत्ते फेकून द्यावे लागतात. असेच तीन मॅना, पण हात न गमावता, फुकट देणाऱ्या ब्लॅक लोटस या जुन्या पत्त्याची ही विद्रूप नक्कल त्या वेळी कोणी गंभीरपणे घेतली नाही. पुढे २००६ मध्ये इन्फर्नल ट्यूटर आला, जो हात रिकामा असेल तर डेकमधून हवा तो पत्ता काढून देतो. खेळाडूंनी आधी ट्यूटर टाकावयाचा आणि तो फळण्यापूर्वी डायमंड फोडून हात रिकामा करावयाचा, अशी युक्ती योजली, आणि फेकण्याची जी सक्ती शाप मानली जात होती तिच्याच बळावर एकेका पाळीत डाव संपू लागले. पंडितांनी या पत्त्यास १९९६ च्या रकान्यात किती गुण देणार आणि २००६ च्या रकान्यात किती, ते सवडीने कळवावे. टक्केवारीचा आधार घेण्यास आमची हरकत नाही, मात्र पहिला रकाना कोरा सोडू नये.