भाकरी सोडण्यापूर्वी

वजन उतरवायचे ठरले की पूर्वी लोक तेल-तूप सोडत असत. हल्ली भात, पोळी, भाकरी सोडण्याची लाट आली आहे. मोबाईलवर कोणीतरी सांगतो, शेजारच्या काकूंचे महिन्यात चार किलो वजन कमी झालेले दिसते आणि दुसऱ्या दिवसापासून घरातला पोळ्यांचा डबा रिकामा राहू लागतो. ताटात उरते ती काकडी, पनीर आणि उकडलेली अंडी. ‘लो कार्ब’, म्हणजे कमी पिष्टाचा आहार, हा शब्द आता तालुक्याच्या गावीही घरोघरी ऐकू येतो. या आहारात तथ्य आहे, पण तो कोणी, किती आणि कोणाला विचारून घ्यावा याचा विचार फारसा होताना दिसत नाही. म्हणून आजचा हा लेख.

ही कल्पना नवी नाही. लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने पाव, साखर, बटाटे वगैरे सोडून वजन घटवल्याची हकीकत १८६३ मध्ये पुस्तिका काढून लोकांना सांगितली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने तिला पुन्हा जोर आला. आपल्याकडे तर तिचा विचार करायला सबळ कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. याच पाहणीतील आहाराची माहिती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, असे तीत दिसले. भाताऐवजी गहू किंवा ज्वारी-बाजरी घेतली, पण एकूण पिष्ट तेवढेच ठेवले, तर विशेष लाभ दिसला नाही. पिष्टाचा थोडा भाग कमी करून त्या जागी डाळी किंवा दूध-दही यांतील प्रथिने घेणाऱ्यांत मात्र मधुमेहाचा धोका कमी आढळला. थोडक्यात, आपले ताट पिष्टाकडे झुकलेले आहे, ही गोष्ट खरी.

पण ‘थोडे कमी करा’ आणि ‘बंद करा’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. प्रौढ माणसाने दिवसाला १३० ग्रॅम पिष्ट घ्यावे, असे वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०२० चे प्रमाण आहे. ज्याला ‘कीटो’ म्हणतात त्या कडक आहारात हा आकडा २० ते ५० ग्रॅमवर आणतात. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतच सुमारे ३४ ग्रॅम पिष्ट असते. म्हणजे सकाळी एक भाकरी खाल्ली की दिवसाचा हिशेब जवळजवळ संपला!

पहिल्या आठवड्यात वजनकाटा भराभर खाली येतो आणि माणूस हुरळून जातो. त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या सुमारे तिप्पट वजनाचे पाणी धरलेले असते. साठा संपला की ते पाणी लघवीवाटे जाते. चरबी तिच्या नेहमीच्या सावकाश गतीनेच उतरते. अमेरिकेत ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमी पिष्टाचा आणि निम्म्यांना कमी चरबीचा आहार सांगितला होता. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ६ किलोने आणि दुसऱ्याचे ५.३ किलोने उतरले. फरक दखल घेण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना साखर व मैदा टाळून भाज्या भरपूर खाण्यास सांगितले होते, हे लक्षात घ्यावे.

आता धोक्याकडे वळू. सर्वांत मोठा धोका आहे तो मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना. समजा, पन्नाशीचे एक गृहस्थ ग्लिमेपिराईडची गोळी किंवा इन्सुलिन घेत आहेत. त्यांनी कोणाला न विचारता भात-भाकरी बंद केली. गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. ती गोळी जेवणात पिष्ट येणार या हिशेबाने दिलेली असते. ते आले नाही तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, बोलण्यात गोंधळ होतो. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण गोळीचा अंमल लांबतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता स्वस्त झाल्या आहेत आणि बऱ्याच रुग्णांना दिल्या जातात. त्या गुणकारी आहेत. परंतु त्या घेत असताना कडक लो कार्ब आहार किंवा लांबलचक उपवास केला तर रक्तात कीटोन नावाची आम्ले साचण्याची भीती असते. विशेष म्हणजे, त्या वेळी तपासणीत साखर फारशी वाढलेली दिसत नाही, त्यामुळे दुखणे ओळखायला उशीर होतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१५ मध्येच याबाबत इशारा दिला होता. मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि धाप ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना सुरुवातीच्या दिवसांत उठताना चक्कर येऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचा मारा करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी या वाटेला जाऊच नये. भाकरीची जागा लोणी-तुपाने भरली तर काहींचे कोलेस्टेरॉल बरेच चढते. धान्य आणि डाळी सुटल्या की चोथा कमी होतो आणि बद्धकोष्ठ पाठीस लागते.

राहिला प्रश्न मुलामुलींचा. हा आहार मुलांना कधीच देत नाहीत असे नाही. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी तो १९२१ पासून वापरात आहे. पण तेथे तो औषध म्हणूनच देतात. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ घटक मोजून देतात, वेळोवेळी रक्त तपासतात. तरीही काही मुलांना मुतखडा होतो, काहींची वाढ मंदावते. एवढ्या देखरेखीत हे होत असेल, तर अकरावीतल्या मुलीने मैत्रिणीचे ऐकून परस्पर तो सुरू करणे कितपत योग्य?

या वयात उंची आणि हाडांची घडण होत असते. देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. अशा मुलीच्या ताटातून बाजरीची भाकरी आणि डाळ काढून घेतली तर तिला मिळणार काय? जिममध्ये जाणाऱ्या मुलांचेही तेच. भाकरी बंद आणि महागड्या पावडरीचा डबा चालू! अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे की, मधुमेह किंवा लठ्ठपणा असलेल्या मुलांनीही गोड पेये आणि मैद्याचे पदार्थ कमी करावेत, मात्र अतिकडक आहार जवळच्या वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊ नये.

पालकांनी मुलांना ‘जाडी’, ‘ढोल्या’ म्हणून हिणवू नये. जेवण टाळणे, सारखे वजन करणे, जेवल्यावर लपून उलटी काढणे, पाळी चुकणे, चक्कर येणे, यांपैकी काही दिसले तर रागावण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे. आणि खाणे चांगले असूनही वजन घटते, तहान फार लागते, लघवीला वारंवार जावे लागते, असे असेल तर साखर त्याच दिवशी तपासावी. तो मधुमेह असू शकतो.

मग करावे काय? आधी चहाकडे पाहावे. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर झाली. ती निम्म्यावर आणावी. शीतपेये, बिस्किटे, खारी, पाव कमी करावेत. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, हे विसरू नये. तीन भाकऱ्या खाणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या माणसाने दोनवर यावे आणि जागा भरायला घट्ट वरण, मटकीची उसळ, झुणका, दही, अंडी किंवा मासे घ्यावेत. पालेभाजी वाढवावी. जो दिवसभर शेतात राबतो, त्याने मात्र भाकरी मोजत बसू नये.

एवढ्याने भागत नसेल आणि पिष्ट आणखी कमी करायचे असेल, तर आधी आपल्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे. ते साखर, मूत्रपिंड आणि कोलेस्टेरॉल तपासतील, गोळ्यांची मात्रा ठरवतील. त्यानंतरच ताट बदलावे.