दोष कोणाचा, शिक्षा कोणाला?

आमच्या घरातला संगणक गेल्या पावसाळ्यात आजारी पडला. आजार मोठा विचित्र होता. पत्र लिहा, बातम्या वाचा, विजेचे बिल भरा, सारे सुरळीत. पण मुलगी आपले काम घेऊन बसली की थोड्या वेळाने पडदा काळा, आणि यंत्र आपले आपण पुन्हा सुरू. ती आर्किटेक्चरची विद्यार्थिनी. इमारतीच्या आराखड्यावरून ऊनसावलीसकट चित्र तयार करायचे तर संगणकाला सारी ताकद पणाला लावावी लागते. नेमका त्याच वेळी तो मान टाकायचा.

कोणताही बाप करील तेच निदान मीही केले. ‘‘काय काय भरून ठेवतेस त्यात? व्हायरस शिरला असणार!’’ ‘‘बाबा, कामाशिवाय त्यात काहीही नाही,’’ ती म्हणाली. मी ऐकले नाही. काम सादर करायच्या आदल्या रात्री तीन तासांची मेहनत वाया गेली. ती रडत झोपली, आणि मी मात्र ‘तरी सांगत होतो’ म्हणत राहिलो.

मग यंत्र दुकानात नेले. तिथल्या माणसाने झाकण काढून दोन मिनिटांत निकाल दिला, ‘‘मदरबोर्ड गेला. आता खर्च करू नका, नवाच घ्या.’’ मी पन्नास हजारांची जुळवाजुळव करू लागलो. तेवढ्यात शेजारचे काका आले. टेलिफोन खात्यात सारी नोकरी झालेली. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘बंद कधी पडतो?’’

हा प्रश्न तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता. दुकानदाराने नाही, मीही नाही. मुलीने लगेच सांगितले, ‘‘काका, चित्र तयार होत असतानाच. एरवी कधीच नाही.’’ काका म्हणाले, ‘‘म्हणजे भार आला की. मग आधी अन्नपाणी बघू.’’

संगणकाचे अन्नपाणी म्हणजे एसएमपीएस, मागच्या बाजूला पंखा असलेली पत्र्याची पेटी. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन ती संगणकाला मानवेल अशी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज देते. यात चढउतार पाच टक्क्यांपर्यंतच चालतो. १२ व्होल्टची तार ११.४ च्या खाली गेली की काहीही होऊ शकते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन्ही खादाड मंडळींचे पोट मुख्यतः याच तारेवर भरते.

काकांनी घाई केली नाही. आधी प्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड सैल नाही ना ते पाहिले. मग धूळ झाडली, पंखे फिरतात का ते पाहिले, कारण यंत्र तापले तरी असेच बंद पडते. मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा नीट बसवल्या. फरक पडला नाही. तेव्हा त्यांनी मल्टिमीटर काढला आणि एका मोकळ्या जोडणीतल्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर टेकवला. ११.९. ‘‘ठीक आहे की!’’ मी म्हणालो. ‘‘हमाल बसलेला असताना त्याची ताकद कळत नाही,’’ काका म्हणाले आणि मुलीला काम सुरू करायला सांगितले. आकडा उतरू लागला. ११.६, ११.४, ११.२. आणि पडदा काळा.

तरी काका थांबले नाहीत. स्वतःच्या संगणकातला एसएमपीएस काढून आणून आमच्या यंत्राला जोडला. चित्र रात्रभर तयार होत राहिले. सकाळी संगणक सुरूच होता. मदरबोर्ड ठणठणीत होता.

ही पेटी कमजोर का होते? तिच्यात कपॅसिटर असतात. त्यांतला द्राव उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातो, कधी माथा फुगतो, आणि भार पेलण्याची शक्ती हळूहळू कमी होते. मी पेटी उघडायला निघालो तेव्हा काकांनी माझा हातच धरला. प्लग काढल्यावरही आत तीनशेहून अधिक व्होल्ट साठलेले असू शकतात. जाणकारानेही ती विचार करूनच उघडावी, आपण तर मुळीच नाही.

सुमारे ३,००० रुपयांत नवी पेटी आली. जुनी कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेली होती. तिच्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिले होते. बारीक अक्षरांत मात्र १२ व्होल्टपुढे १६ अँपियर. गुणाकार केला तर १९२ वॅटच होतात! प्रोसेसर कोणता, मेमरी किती, हे आपण दहा दुकाने फिरून विचारतो. या सगळ्यांना जेवू घालणाऱ्या पेटीची चौकशी कोणी करीत नाही. माझ्या मते संगणक घेताना पहिला प्रश्न तिच्याबद्दल असावा.

पण मला खरी टोचणी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. बिघाड झाला की आपण कारण शोधत नाही, आरोपी शोधतो. दुकानदाराला सर्वांत महाग भाग दोषी दिसला, मला सर्वांत लहान माणूस. तपासणी दोघांनीही केली नाही. काकांचे ज्ञान माझ्याहून अधिक होते हे खरेच, पण ते आधी ऐकत होते, हा फरक अधिक मोठा. जिला रोज त्रास होत होता, तिलाच लक्षण ठाऊक होते. मी तिला विचारले असते तर अर्धे निदान पहिल्याच दिवशी झाले असते.

त्या सकाळी तयार झालेले चित्र तिने मला दाखवले. ‘‘चुकलो गं,’’ मी म्हणालो. ती हसली आणि म्हणाली, ‘‘बाबा, काकांचा डबा परत द्यायचाय. आज त्यांचा संगणक बंद आहे.’’