संगणकाला हात लावू द्या!

"हात लावू नको, बिघडेल!" आपल्या वस्तीतल्या मुलाने संगणकाबद्दल ऐकलेले पहिले वाक्य बहुधा हेच असते. शाळेत संगणक आलेला असतो. नारळ फुटलेला असतो, पाहुण्यांसोबत फोटो निघालेला असतो. मग खोलीला कुलूप लागते आणि किल्ली कपाटात जाते. वर्षातून दोन-चार वेळा मुले चपला बाहेर काढून आत जातात. एका यंत्राभोवती दहा-बारा जण उभे राहतात, एक जण माऊस हलवतो, बाकीचे पाहतात. पाण्याकडे नुसते पाहून तहान भागत नाही, हे आपल्या समाजाला कोणी सांगायची गरज नाही.

परंतु दुसऱ्यांना बोल लावण्याआधी आम्ही आमचीच चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेसाठी आम्ही वर्गणी काढून एक जुना संगणक घेतला. कोणत्या तरी कार्यालयाने काढून टाकलेला डेस्कटॉप, मॉनिटरसह साडेपाच हजारांना मिळाला. आणि आम्ही काय केले? त्याला प्लॅस्टिकचे आवरण घातले, लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली मंडळाच्या सचिवांकडे दिली! पंधरा दिवसांनी तिसरीतल्या एका मुलीने विचारले, "काका, हा बघायलाच आणलाय का?" आम्ही सारे कार्यकर्ते एकमेकांकडे पाहत राहिलो. ज्या कुलपाविरुद्ध आम्ही भाषणे करतो, तेच कुलूप आम्ही आमच्या हातांनी लावले होते.

त्या दिवशी संगणक कपाटातून निघाला तो आजतागायत टेबलावर आहे. तो कसा उभा केला हे मुद्दाम सांगतो, कारण त्यात जादू नाही. जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी बसवली आणि रॅम वाढवली. यंत्र जोमाने चालू लागले. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती टाकली. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि चोरीची प्रत वापरण्याची लाचारीही नाही. जीकॉम्प्री नावाचा मुलांचा संच टाकला. फ्रान्समध्ये २००० साली सुरू झालेला हा संच दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. अक्षरे, बेरीज-वजाबाकी, घड्याळ, बुद्धिबळ, पाण्याचे चक्र, विजेचे मंडल असे शेकडोच्या घरात खेळ त्यात आहेत. चित्रांसाठी टक्सपेंट टाकले. किविक्स या सोयीने मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेतला, आता तो इंटरनेटशिवाय वाचता येतो. मुलांसाठी वेगळे खाते केले, व्यवस्थेचा पासवर्ड मोठ्यांकडे ठेवला. अर्थिंग नीट करून घेतले. सगळा खर्च दहा हजारांच्या आत बसला.

मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट ठेवले. त्यात डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजने. ज्या कळीवर 'क', तीच शिफ्ट दाबली की 'ख'. 'ग'च्या कळीवर 'घ'. बाराखडी येणाऱ्या मुलाला ते लवकर उमगते. इंग्रजी स्पेलिंग येत नाही म्हणून आपल्या भाषेतले नावही लिहिता येऊ नये, ही अडचण मग राहत नाही. आमच्याकडच्या मुलांनी सर्वांत आधी काय लिहिले असेल? स्वतःचे नाव. मग आईचे.

बिघाड झाले नाहीत का? झाले. दोन माऊस गेले, कीबोर्डवर चहा सांडला, एकाने पडद्यावरची सारी चिन्हे गायब केली. नवीन माऊस दोनशे रुपयांत आला. चिन्हे सातवीतल्या दोन मुलींनी शोधून परत आणली. आता छोट्यांच्या पाळ्या लावणे आणि वही ठेवणे हे काम त्याच करतात. पहिल्या महिन्यात मोठी मुले लहानांना आणि मुलगे मुलींना बाजूला सारत होते. म्हणून प्रत्येकी अर्धा तास, मुलींचे दोन दिवस वेगळे, असा नियम करावा लागला. यंत्र टेबलावर ठेवले म्हणजे आपोआप समता येत नाही.

कोणी म्हणेल, घरोघरी मोबाईल आला, आता संगणक कशाला? मोबाईल आला हे खरे. पण तो बापाच्या खिशात असतो, रात्री तासभर हाती येतो आणि त्यावर मूल मुख्यतः दुसऱ्याने केलेले पाहते. लांब निबंध लिहायला, गणिताचा तक्ता मांडायला, छोटी आज्ञावली रचायला कळफलक लागतो. २०२० साली टाळेबंदीत शाळा पडद्यावर गेल्या, तेव्हा एका मोबाईलवर तीन भावंडांचा अभ्यास कसा होतो, हे आपण घरात पाहिले आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) शहरांतील २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, तर ग्रामीण भागात केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे. ज्याच्या घरी तो आहे ते मूल पाचव्या वर्षी त्याच्याशी खेळते. आमचे मूल अठराव्या वर्षी, नोकरीच्या जाहिरातीत एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मागितले म्हणून, फी भरून माऊस धरायला शिकते. मग मुलाखतीत दोघांना एकाच मापाने मोजतात आणि त्याला गुणवत्ता म्हणतात!

स्वस्त यंत्राची स्वप्ने सरकारांनीही दाखवली. शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा २००५ साली झाली. प्रत्यक्ष किंमत दुपटीच्या जवळ गेली. भारतातला त्याचा पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातील खैरात गावच्या शाळेत झाला, पण देशभर ती योजना पसरली नाही. २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी आकाश टॅबलेट वाजतगाजत आला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजारांना पडत होता. पहिलाच नमुना संथ निघाला आणि काही वर्षांत नावही मागे पडले. यंत्राची किंमत सगळ्यांनी सांगितली. ते दुरुस्त कोण करणार, मुलाजवळ बसणार कोण, हे फारसे कोणी सांगितले नाही.

उलट केरळकडे पाहा. तेथील सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले, शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले, पुस्तके आपल्या भाषेत केली. २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाने विद्यार्थ्यांचेच गट शाळेतली यंत्रे सांभाळू लागले. तेथे मुलाचा हात यंत्राला लागला, म्हणून यंत्रे टिकली. महाराष्ट्र सरकारला हे का जमू नये? आणि सरकारला जमेपर्यंत आपण हात बांधून का बसावे?

आज तर संधी चालून आली आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्यामुळे नवी आवृत्ती न पेलणारे, पण धडधाकट असलेले कितीतरी संगणक कार्यालये भंगारात काढत आहेत. लिनक्सवर ती यंत्रे आणखी काही वर्षे सहज चालतील. आपले शेकडो बांधव बँकांत, विमा कंपन्यांत, सरकारी खात्यांत आहेत. कोणत्या कार्यालयात लिलाव आहे, हे त्यांना आधी कळते. अभियांत्रिकी शिकलेली आपली पोरे वस्तीतच आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा.

जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचे भाडे किती, हे प्रत्येक मंडळाने स्वतःच्या जमाखर्चाच्या वहीत पाहावे. तेवढ्यात किती संगणक उभे राहतात, याचा हिशेब वस्तीतल्या पोरांकडूनच करून घ्यावा. येत्या १४ एप्रिलला मिरवणूक जरूर काढू. पण त्याआधी प्रत्येक विहारात, प्रत्येक समाजमंदिरात एक तरी संगणक टेबलावर आलेला असू द्या. त्याला आवरण नको, कुलूप नको. आणि एखादे पोर भीत भीत जवळ आले, तर आपल्या तोंडून एवढेच निघू द्या: "बस बाळा, लाव हात. बिघडला तर दुरुस्त करू."