कोवळ्या खांद्यांवरील जोखीम

पोहण्याच्या तलावाकाठी उंच खुर्चीवर बसणारा जीवरक्षक किती वर्षांचा असावा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ कारकुनी बाब वाटेल. परंतु अमेरिकेतील काही नगरांनी तो ज्या रीतीने सोडविला आहे, ती रीत विचार करावयास लावणारी आहे.

२०२० साली महामारीमुळे तेथील तलाव बंद पडले, नव्या जीवरक्षकांचे शिक्षण खुंटले आणि पुढील उन्हाळ्यांत माणसांची टंचाई भासू लागली. तेव्हा काही नगरांनी १६ वर्षांची अट १५ वर आणली. संघीय कायद्याची यास मुभा आहे, पण ती मर्यादित. प्रमाणपत्र मिळविलेल्या १५ वर्षांच्या मुलास तलावावर नेमता येते. समुद्र, नदी वा सरोवर यांच्या काठी नाही. शाळेच्या दिवशी ३ तासांहून अधिक कामही देता येत नाही. लाटेचा व प्रवाहाचा भरवसा नसतो, हे ओळखून आखलेली ही रेघ शहाणपणाची आहे.

मुलांच्या कर्तृत्वाविषयी आम्हांस शंका नाही. पोहण्यात ती चाळिशीच्या गृहस्थास सहज मागे टाकतील. परंतु जीवरक्षकाचे काम पोहण्याहून पाहण्याचे अधिक आहे. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही; तो मुकाट्याने पाण्याखाली जातो. सतत नजर न ढळू देणे, दुप्पट वयाच्या दांडगटास दटावणे आणि दुर्दैवाने कोणी दगावल्यास ते शल्य जन्मभर वागविणे, हे सारे त्या वयाकडून मागावे काय?

शिवाय रक्षकाचे रक्षण कोणी करावयाचे? शिकागोच्या उद्यान-मंडळात तरुण जीवरक्षक मुलींच्या लैंगिक छळाच्या तक्रारी गाजल्या आणि २०२१ साली मंडळाच्या प्रमुखांस पद सोडावे लागले. तेथे उणीव मुलींच्या वयात नव्हती, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीत होती.

न्यूयॉर्कने १६ ची अट राखून २०२३ साली वेतन ताशी २१.२६ डॉलरवर नेले. त्याने टंचाई पुरती हटली नाही, तरी दिशा योग्य होती. वेतन वाढविण्यास पैसा लागतो, अट सैल करण्यास एक ठराव पुरतो. दुसऱ्या वाटेचा मोह पडतो तो यामुळेच. १५ वर्षांचे मूल प्रौढाच्या शेजारी बसून शिकत असेल, तर त्याचे स्वागतच करावे. ते प्रौढाच्या जागी बसविले जात असेल, तर ती केवळ काटकसर होय. आणि तिची किंमत पाण्यात उतरलेल्या लेकरांना मोजावी लागेल.