फुकेत कुणाचं तरी गाव आहे

थायलंडला जाणार म्हटल्यावर आमच्या घरात दोन दिवस वातावरण तापलं होतं. मामूंनी फोन करून विचारलं, "उमऱ्याला जायचं सोडून तिकडे काय ठेवलंय?" ऑफिसातल्या मित्रांनी डोळे मिचकावले आणि बायको-मुलीला सोबत नेतोय म्हटल्यावर हसले. मामू आणि हे मित्र एका खोलीत पाच मिनिटं बसू शकणार नाहीत. पण थायलंडचं दोघांच्या डोक्यातलं चित्र मात्र एकच होतं. दारू, नाचगाणं आणि बाया. एकाला त्याची किळस होती, दुसऱ्याला आकर्षण, एवढाच फरक.

आम्ही फुकेतला सहा दिवस राहून आलो. ते चित्र खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पाटोंगला रात्री बारा वाजता मुलीचा हात घट्ट धरून कुणी फिरू नये. पण पाटोंग हा एका मोठ्या बेटावरचा एक किनारा आहे. फुकेत हे थायलंडचं सर्वांत मोठं बेट. मुख्य भूमीला ते पुलाने जोडलेलं आहे. पश्चिमेला अंदमान समुद्र आणि त्याच्या कडेने उत्तरेकडून दक्षिणेकडे बांग ताव, सुरीन, कमला, पाटोंग, करोन, काता, नाय हार्न असे एकामागून एक किनारे. दक्षिण टोकाला फ्रोमथेपचं भूशिर, तिथे सूर्यास्त बघायला गर्दी होते. टेकडीवर ४५ मीटर उंचीची बुद्धमूर्ती. जुन्या शहरात कथिलाच्या खाणींच्या काळात श्रीमंत झालेल्या चिनी व्यापाऱ्यांची रंगीत घरं. बेटाचं नावसुद्धा 'बुकित' म्हणजे टेकडी या मलय शब्दावरून आलं असं मानतात.

मलय शब्द तिथे कसा आला, हा प्रश्न आपल्यातल्या किती जणांना पडतो? या किनाऱ्यावर मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. बांग ताव आणि कमला ही त्यांचीच जुनी गावं. कमलाच्या किनाऱ्यावर आम्ही संध्याकाळी बसलो होतो तेव्हा मगरिबची अजान ऐकू आली आणि बायको एकदम ताठ बसली. "अहो, इथे मशीद आहे!" मशीद आहे, मदरसा आहे, डोक्यावर हिजाब घेऊन भाजलेली कोंबडी आणि चिकट भात विकणाऱ्या बायका आहेत. पाटोंग तिथून एक डोंगर ओलांडला की लागतं.

याच कमलावर २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामी आली. गाव सखल जागेवर, समुद्राला लागून. घरं, शाळा, दुकानं पाण्याने झोडपली. थायलंडमध्ये त्या दिवशी पाच हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत परदेशी पर्यटक होते तसे इथले मच्छीमार आणि हॉटेलात भांडी घासणारेही होते. किनाऱ्यावर त्याचं स्मारक आहे. आम्ही बराच वेळ तिथे उभे होतो. आसपास पुष्कळ लोक होते, पण ते फोटो काढायला समुद्राकडे तोंड करून उभे होते.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. इतरांना दिसत नाही ते मला दिसतंय, असं वाटत होतं. ती मस्ती चौथ्या दिवशी को पान्यीला उतरली.

'को' म्हणजे बेट. को पान्यी हे फांग नगाच्या उपसागरातलं मच्छीमारांचं गाव. चुनखडीच्या एका उभ्या कड्याला टेकून, पाण्यात खांब रोवून वसवलेलं. जावाहून आलेल्या मुस्लिम दर्यावर्दी कुटुंबांनी ते सुमारे दोनशे वर्षांपूर्वी वसवलं, असं सांगतात. जागाच नसल्यामुळे १९८६ साली विश्वचषक बघून वेडावलेल्या पोरांनी जुन्या फळ्या जोडून पाण्यावर तरंगतं फुटबॉलचं मैदान केलं, ती गोष्ट जगभर पोचली आहे. पण बहुतेक पर्यटक तिथे जातात ते जेम्स बाँडच्या १९७४ च्या सिनेमातला सुळका बघून परतताना, दुपारच्या जेवणापुरते. आमच्या होडीलाही एक तास दिला होता.

मी जुहर पढायला मशिदीकडे निघालो. लाकडी गल्ली इतकी अरुंद की दोन्ही बाजूंची घरं हाताला लागावीत. एका उघड्या दारातून आत एक म्हातारी चटईवर नमाज पढताना दिसली. मागच्या खिडकीतून समुद्राचा हिरवा उजेड तिच्या पांढऱ्या ओढणीवर पडला होता. मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. वळलो तर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. पुढे आली आणि तिने दार लोटून घेतलं.

रायगडच्या किनाऱ्यावर आमचं घर आहे. सुट्ट्यांत येणारे पाहुणे आमच्या ओट्यावर जाळी विणणाऱ्या माणसांचे फोटो न विचारता काढतात, तेव्हा मीच चिडून बोललो आहे. माझी आजी नमाजाला बसली असताना दारातून कुणी कॅमेरा रोखला असता तर मी काय केलं असतं? मशिदीत पोचण्याआधी मी तो फोटो पुसला. पण लोटलेलं ते दार डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्या लोकांची तक्रार आणि आपल्या लोकांचं समाधान, दोन्ही अपुरी आहेत. तक्रार करणारे म्हणतात, तो देश आपला नाही. समाधान मानणारे हॉटेलवर हलालची पाटी बघतात, पोटभर जेवतात आणि 'सोय चांगली आहे' असं ग्रुपवर टाकतात. दोघांनाही तिथे राहणारा माणूस दिसत नाही. बेट एक तर पापाची जागा, नाही तर सेवा देणारी जागा. माणूस मुसलमान असल्यामुळे नजर आपोआप स्वच्छ होत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

वेगळं होऊ शकतं, याची उदाहरणं तिथेच आहेत. फी फी बेटांमधला माया बे हा किनारा २००० सालच्या हॉलिवूड सिनेमाने इतका प्रसिद्ध केला की होड्यांच्या गर्दीने तिथलं प्रवाळ मेलं. थायलंडने तो जून २०१८ मध्ये बंद केला आणि जानेवारी २०२२ मध्येच पुन्हा उघडला. आता होड्या आत नेता येत नाहीत, त्या मागच्या बाजूला लागतात. मधल्या काळात छोटे शार्क परत आले. उत्पन्नावर पाणी सोडून एका सरकारने हे केलं.

पण माया बेवर कुणी राहत नाही, म्हणून तो बंद करता आला. गाव बंद करता येत नाही. तिथे फुकेत आणि क्राबीच्या मधलं को याव नोई मला जास्त जवळचं वाटतं. बहुसंख्य वस्ती मुसलमान मच्छीमारांची. मोठे ट्रॉलर त्यांची मासळी ओरबाडून नेत होते, तेव्हा त्याविरुद्ध ते एकत्र आले आणि पुढे पाहुण्यांना स्वतःच्या घरात ठेवू लागले. नियम त्यांचे: गावात अंगभर कपडे, घरात दारू नाही. पाहुणा येतो तो त्यांच्या अटीवर. आपल्या कोकणात होमस्टेच्या पाट्या भराभर लागत आहेत, पण अशा अटी सगळ्या गावाने मिळून ठरवल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

तेव्हा जायचं असेल तर खुशाल जा. मे ते ऑक्टोबर आपल्यासारखाच नैऋत्येचा पाऊस तिथेही असतो. किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका, पोहता येत असलं तरी. किनाऱ्यावरचे कपडे किनाऱ्यावरच ठेवा. एखादी रात्र गावात राहा. आणि फोटो काढण्याआधी विचारा.

परत आल्यावर मामूंनी विचारलं, "काय बघितलंस?" मी त्यांना कमलाची मशीद सांगितली, त्सुनामी सांगितली, आणि दाराची गोष्टही सांगितली. मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरीने बरोबर केलं."